मांडूच्या तटाआतली शेतं

मांडू पाहिलं नाही असं कुटुंब आपल्या मंडळात क्वचितच असेल, आणि बहुतेकांनी ते पाहिलं ते पावसाळ्यात. धारहून निघायचं, पस्तीसेक किलोमीटरवर काकरा खोहचं धुकं लागलं की गाडी थांबवायची, आलमगीर दरवाजातून आत शिरायचं, जहाज महाल, होशंगशाहची कबर, जामी मशीद, शेवटी रूपमतीचा मंडप, आणि येताना भाजलेला भुट्टा. यात दोन वास्तूंच्या मधे जे लागतं त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मधे शेतं आहेत. मका, सोयाबीन, कौलारू घरं, बांधाला बांधलेल्या शेळ्या. पाहुणा ती गडाचाच भाग समजतो. पटवारी मात्र त्यांना खसरा नंबर म्हणून ओळखतो, आणि प्रत्येक नंबरापुढे एक मालक असतो.

हे मालक तिथे कसे आले, याचा इतिहास राण्यांच्या कथांइतका रंगतदार नाही. पण मला तो जास्त जवळचा वाटतो.

होशंगशाहने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची राजधानी धारहून मांडूला नेली. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं या पठारावरच्या जागेला जो भाव होता तो माळव्यात कुठेच नसेल. 1561 मध्ये बाजबहादूर हरला, मांडू मोगलांकडे गेलं आणि हळूहळू ओस पडत गेलं. जहांगीर 1617 मध्ये इथे काही महिने मुक्कामाला आला, त्याआधी जुन्या इमारतींच्या डागडुजीवर तीन लाख रुपये खर्च झाल्याचं त्याच्या आत्मचरित्रात आहे. बादशहाच्या पाठोपाठ आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याला राहायला धड घर मिळेना, एका जुन्या मशिदीच्या आवारात त्याला बिऱ्हाड थाटावं लागलं, आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर अवलंबून राहावं लागलं. 'सीझन'मध्ये मांडूत खोली न मिळण्याची परंपरा इतकी जुनी आहे! बादशहा गेला आणि पठार पुन्हा ओस पडलं.

मग आपण आलो. नोव्हेंबर 1728 मध्ये अमझेऱ्याला चिमाजीआप्पांनी गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पराभव केला, माळव्याचं दार उघडलं, आणि शिंदे-होळकरांबरोबर पवारही इथे स्थिरावले. धारच्या पवारांनी राजधानी मांडूला नेली नाही, ती धारलाच राहिली. याचं कारण कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण समजायला अवघड नाही. मराठी राज्य घोड्यावरचं होतं. त्याला रस्ता, बाजार आणि चारा लागायचा, उंचावरचे महाल नव्हेत. मांडू धार संस्थानात होतं, पण ते जंगल म्हणून. महालांत झाडं उगवली. मधल्या सपाटीवर भिल्ल कुटुंबांनी आणि इतर शेतकऱ्यांनी नांगर धरला. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हतं ती ज्यांनी कसली, त्यांचीच ती झाली. कायद्याने नंतर, वहिवाटीने आधी.

विसाव्या शतकात मांडूची पुन्हा आठवण झाली. लॉर्ड कर्झनच्या काळात सबंध देशात जुन्या वास्तूंची निगा सुरू झाली, 1904 चा कायदा आला. धार दरबारने झाडी तोडून इमारती मोकळ्या केल्या. गुलाम याझदानींचा मांडूवरचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ 1929 मध्ये निघाला तोही धार संस्थानासाठीच. हे श्रेय आपल्या लोकांनी फारसं मिरवलेलं नाही.

1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि दोन वाटण्या झाल्या, ज्यांचे परिणाम आजही चालू आहेत. इमारती पुरातत्त्व खात्याकडे गेल्या. जमिनी महसूल खात्याकडे राहिल्या. मध्य भारताने संवत 2008 म्हणजे 1951 मध्ये जहागिरी आणि जमीनदारी रद्द करणारे कायदे केले. आपल्या कित्येक घरांतल्या सनदा तेव्हाच ट्रंकेत गेल्या आणि मुलं नोकरीच्या शोधात इंदूर-भोपाळकडे वळली. आजी-आजोबांच्या तोंडून या कायद्याबद्दल कधी चांगला शब्द ऐकला नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की कसणारा 'पक्का कृषक' झाला आणि 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेनं तो 'भूमिस्वामी' झाला. मांडूच्या तटाआतला शेतकरीही. ज्या पठारावर एकेकाळी सुलतानाशिवाय कोणाचं काही नव्हतं, तिथे अर्ध्या-एक हेक्टराचे मालक तयार झाले.

आणि नेमकं त्यानंतर पर्यटन आलं.

मोठ्या आकर्षणाशेजारची खासगी जमीन हा प्रश्न जगभर एकाच पद्धतीने सुटत नाही. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेने 1955 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्याच्याकडे 160 एकर जागा होती. बघता बघता भोवतालच्या संत्र्यांच्या बागा गेल्या, मोटेलं आणि भडक पाट्या उभ्या राहिल्या. माणसं डिस्नेमुळे येत आणि पैसा शेजाऱ्यांना मिळे, शिवाय सगळं दिसायलाही वाईट. तो धडा घेऊन फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे 27,000 एकर घेतली. विकणाऱ्यांना खरेदीदार कोण ते माहीत नव्हतं. ऑक्टोबर 1965 मध्ये वर्तमानपत्रात नाव फुटलं आणि भाव भडकले, पण तोवर बहुतेक खरेदी झाली होती. तरीही बॉनेट क्रीक नावाचा एक तुकडा राहूनच गेला. तीन बाजूंनी डिस्नेची जमीन आणि मधे हा परका. 2009 मध्ये तिथे हिल्टनची मोठी हॉटेलं उघडली. खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका सुरू झाल्यावर आसपासच्या प्लॉटांच्या जाहिराती पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी आपल्यालाही पाठवल्या असतील.

मांडूत कोणी डिस्ने नव्हता. भोवतालची जमीन विकत घेणं सरकारला परवडणारं नव्हतं आणि योग्यही झालं नसतं. म्हणून मालकी शेतकऱ्याची ठेवून तिचा वापर बांधला. जून 1992 च्या अधिसूचनेनं संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर विनियमित क्षेत्र ठरलं. 2010 च्या दुरुस्तीनं हे कायद्यातच आलं. पहिल्या पट्ट्यात नवं बांधकाम नाही, दुरुस्तीलाही परवानगी. दुसऱ्यात परवानगीनं बांधता येतं.

कागदावर हे छोटं दिसतं. पण 300 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे 28 हेक्टर जमीन येते, आणि हे एका बिंदूपासून. प्रत्यक्षात मोजणी स्मारकाच्या आवाराच्या कडेपासून होते, म्हणजे क्षेत्र आणखी वाढतं. मांडूत अशी वर्तुळं एकमेकांत अडकलेली आहेत. राजवाड्यांचा समूह, जामी मशिदीभोवतीचं गाव, सागर तलाव, रेवा कुंड. बस थांबते तो चौकच मुळी मशीद आणि अशर्फी महाल यांच्या मधे आहे. तिथल्या माणसाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि एक खोली वाढवायची झाली, तर त्याला दिल्लीपर्यंत पोचणारी फाइल करावी लागते. तो शिकलेला नसेल, तर ती होत नाही.

दुसरं बंधन संहितेच्या कलम 165 चं. मांडूचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. हे कलम नसतं तर पठारावरचे भिल्ल आज आपल्याच शेतात चौकीदार असते, असं माझं स्पष्ट मत आहे. या नोकरीत वीस वर्षं खसरे पाहिल्यावर ते झालं आहे. मात्र हेही खरं की शेजारच्या रिसॉर्टच्या एका रात्रीचं भाडं ज्याच्या महिन्याच्या मिळकतीइतकं आहे, त्याला आपली जमीन मोलाची आहे हे ऐकून काही मिळत नाही. विकू नको म्हणताना त्याने त्याच जमिनीवर दोन खोल्यांचं 'होम-स्टे' कसं काढावं हेही कोणी सांगायला हवं होतं. ते फार उशिरा आणि फार थोड्यांना सांगितलं गेलं.

धार आणि देवासात आपली स्थिती वेगळी नाही, फक्त आपण सुस्थितीत आहोत. धारला लाट मशिदीच्या बाजूला ज्यांची जुनी घरं आहेत त्यांना 100 मीटरचा अर्थ सांगायला नको. देवासची गोष्ट न्यारीच. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं, रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची. पण वर टेकडीवर दोन्ही माता एकत्र, तुळजाभवानी आणि चामुंडा. 1948 मध्ये आजारी कुमार गंधर्व देवासला आले आणि पुढे टेकडीच्या पायथ्याशी राहिले ते तिथल्या कोरड्या हवेसाठी आणि शांततेसाठी. आज त्याच टेकडीवर रोप-वे जातो, नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि पायथ्याच्या प्लॉटला दलाल 'माताजी के पास' म्हणून वेगळा दर लावतात.

एक गोष्ट राहिली, मांडूच्या झाडांची. खुरासानी इमली म्हणून जी फळं वाटेवर विकायला असतात, त्यांची झाडं मूळ आफ्रिकेतली. सुलतानांच्या काळात समुद्रापलीकडच्या व्यापाराबरोबर ती आली असं मानतात. खोड घराएवढं, वय शेकडो वर्षं. महालांइतकीच जुनी, पण स्मारक नव्हेत. त्यातली बरीच खासगी शेतांत उभी आहेत, आणि संहितेच्या कलम 179 प्रमाणे खात्यातलं झाड भूमिस्वामीचं. 2022 मध्ये अशी काही झाडं हैदराबादजवळच्या एका खासगी उद्यानासाठी मुळासकट उपटून ट्रेलरवर चढवली गेली. पर्यटकांना दाखवायलाच. गावातले लोक आडवे आले, बातम्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्या शेतकऱ्यांनी झाड दिलं त्यांना दोष देणाऱ्यांत मी नाही. बांधायला बंदी, विकायला बंदी, आणि कोणीतरी येऊन झाडाचे रोख पैसे देतो म्हणतो.

खसऱ्याच्या शेवटी 'कैफियत' नावाचा रकाना असतो. विहीर, झाडं, पडकं बांधकाम, जे इतर कुठे बसत नाही ते तिथे लिहायचं. या वर्षी पावसात मांडूला जाल तेव्हा रेवा कुंडाच्या वाटेवर डावी-उजवीकडची शेतं पाहा, आणि एखादी इमली दिसली तर शेतात काम करणाऱ्याला विचारा, त्याच्या कागदावर ती चढलेली आहे का.