काजळाचें पुनरागमन



रंगांमध्यें सर्वांत सोपा रंग कोणता असें विचारिलें, तर पुष्कळजण काळा म्हणून सांगतील. आणि काळ्यापांढऱ्याच्या मधला करडा रंग तर रंगांत जमा धरण्याचेंहि कोणास सुचणार नाहीं. परंतु शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फेकून चित्र उमटविणारें जें यंत्र आज अनेक घरांत टेबलावर दिसतें, आणि ज्याला आपण इंकजेट प्रिंटर म्हणतों, त्याला हा करडा रंगच सर्वांत जड गेला. पोपटाचा हिरवा आणि जास्वंदीचा तांबडा हें यंत्र लवकर शिकलें. पण आजीच्या पिकल्या केसांवरचा उजेड त्याला कित्येक वर्षें साधला नाहीं. तो कसा साधला, याचा इतिहास मी आज सांगणार आहें. वरवर पाहतां हा इतिहास यंत्राचा दिसतो. वस्तुतः तो काजळाचा आहे.

काजळ आपल्याला परकें नाहीं. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी शाई दिव्याचें काजळ डिंकाच्या पाण्यांत घोटून करीत असत. पोथीचा कागद पिवळा पडतो, कडा झिजतात, कसर लागते. पण अक्षर काळें तें काळेंच राहतें. काजळ म्हणजे जवळजवळ निवळ कार्बन. तेलांतील जें जें जळण्यासारखें, तें बहुतेक ज्वालेंतच जळून गेलेलें असतें. मागें उरतें त्याला उजेड किंवा हवा सहसा बाधत नाहीं.

छायाचित्रणाची कला जन्मली ती मात्र काजळावर नव्हे, चांदीवर. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दाग्युएर यानें आणि इंग्लंडमध्यें टॉल्बट यानें आपापल्या कृति जाहीर केल्या. टॉल्बटच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा लेप असे, आणि उजेड पडला म्हणजे तेथें चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होऊन चित्र काळवंडे. लोकांना या चित्रांचें मोठें कौतुक वाटलें. परंतु थोड्याच वर्षांत तीं पिवळीं पडून विरूं लागलीं. ही तक्रार इतकी वाढली कीं १८५५ सालीं लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें चित्रें विटण्याचीं कारणें शोधण्यासाठीं एक समिति नेमिली, आणि राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स अल्बर्ट यांनीं तिच्या खर्चासाठीं ५० पौंड दिले. समितीनें मुख्य दोष दाखविला तो धुण्याचा. चित्र पक्कें करण्यासाठीं वापरलेला हायपो कागदांत शिल्लक राहिला, तर तोच पुढें चित्र खातो. दमट हवा आणि शहरांतील गंधकयुक्त धूर हे त्याचे साथीदार. मुंबईंतहि १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रमुख सभासदांत होते. दमट हवेचे प्रताप मुंबईकरांस लंडनच्या समितीनें समजावून सांगावेत, अशी स्थिति खासच नव्हती!

उपाय सुचला तो काजळाचाच. १८५५ सालींच आल्फोन्स प्वातव्हाँ या फ्रेंच रसायनज्ञानें एक युक्ति काढली. सरसासारख्या जिलेटिनमध्यें काजळ कालवावें, त्यांत पोटॅशियम बायक्रोमेट मिसळावें आणि तें कागदावर लावून निगेटिव्हखालीं उन्हांत ठेवावें. जेथें ऊन पोहोंचतें तेथें जिलेटिन घट्ट होतें. जेथें पोहोंचत नाहीं तेथलें कोमट पाण्यानें धुवून जातें. उरलेल्या काजळाचेंच चित्र होतें. १८६४ सालीं इंग्लंडमध्यें जोसेफ स्वान यानें ही कृति सुधारून तींत मधल्या करड्या छटा नीट उतरविल्या. पुढें विजेच्या दिव्याच्या शोधांत एडिसनच्या बरोबरीनें ज्याचें नांव घेतलें जातें, तो हाच स्वान. अशीं कार्बन-चित्रें चांगलीं जपलीं असतां आजहि ताजीं दिसतात. परंतु कृति किचकट, वेळखाऊ. म्हणून ती थोड्या हौशी लोकांच्या हातींच राहिली.

दरम्यान चांदीचा कागदहि सुधारला. विसाव्या शतकांत ज्याला आपण साधा काळापांढरा फोटो म्हणत होतों, तो जिलेटिनमधील चांदीचा. नीट धुतला असेल तर तो चांगला टिकतो. हौशी माणूस रात्रीं न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून, तांबड्या दिव्याखालीं तीन थाळ्या मांडून, आपलें चित्र आपण उमटवीत असे. किती उजेड द्यावा, किती वेळ बुडवावें, आकाश किती गडद करावें, हें सर्व त्याच्या हातीं होतें. पुढें रंगीत फोटो आला आणि हें स्वामित्व घरांतून दुकानांत गेलें. त्या रंगीत चित्रांतील रंग सेंद्रिय होते, आणि ते विटले. पुष्कळ घरांतील आल्बम उघडून पाहावेत: १९७०-८० च्या सुमारास झालेल्या लग्नांतील रंगीत चित्रें लालसर होऊन बसलीं आहेत, आणि त्यांच्याच मागच्या पानावर आजोबांचा काळापांढरा फोटो स्वच्छ आहे. नातू अस्पष्ट झाला आणि आजोबा स्पष्ट राहिले, असा हा उलटा न्याय.

इकडे शाईचे थेंब फेकण्याची कल्पना स्वतंत्रपणें वाढत होती. द्रवाची धार तुटून तिचे थेंब कसे होतात, याचा अभ्यास फ्रान्समध्यें साव्हार यानें १८३३ सालीं प्रसिद्ध केला. १८७८ च्या सुमारास लॉर्ड रॅले यानें त्याला गणिताचा आधार दिला. मधल्या काळांत, १८६७ सालीं, पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विल्यम टॉमसन यानें समुद्रांतील तारेचे संदेश टिपण्यासाठीं ‘सायफन रेकॉर्डर’ हें यंत्र केलें. त्यांत एका बारीक नळींतून विजेच्या जोरानें शाई कागदावर उडे. नळी कागदास टेकत नसे. ही युक्ति घरोघरीं शिरण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९७७ सालीं जपानमध्यें कॅनन कंपनींतील संशोधक इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेंत कथलाचा डाग देण्याचें तापलेलें हत्यार शाई भरलेल्या सुईला चुकून लागलें, आणि सुईच्या टोकांतून शाई उडाली. उष्णतेनें बुडबुडा करून थेंब फेकण्याची पद्धति त्यांतून निघाली. अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनेंहि तीच वाट स्वतंत्रपणें शोधली, आणि १९८४ सालीं आपलें ‘थिंकजेट’ यंत्र बाजारांत आणलें. एप्सन कंपनीनें दुसरी वाट धरली: विजेचा दाब दिला असतां ज्याचा आकार बदलतो अशा स्फटिकद्रव्यानें शाईला धक्का द्यावयाचा. १९९४ सालीं तिनें एका इंचांत ७२० ठिपके देणारें रंगीत यंत्र घरगुती बाजारांत आणलें, आणि घरीं फोटो छापण्याची गोष्ट बोलण्यापुरती राहिली नाहीं.

या यंत्रांतून उत्तम काळींपांढरीं चित्रें काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र एका गायकानें केला. ग्रॅहम नॅश हा मूळचा इंग्लंडचा. लहानपणीं वडिलांनीं त्याला अंधाऱ्या खोलींत कोऱ्या कागदावर चित्र उमटतांना दाखविलें होतें, आणि तें दृश्य तो विसरला नाहीं. १९८९ सालीं त्यानें ‘आयरिस ३०४७’ नांवाचें यंत्र १ लक्ष २६ हजार डॉलरना विकत घेतलें. हें यंत्र छापखान्यांतील रंगीत नमुने काढण्यासाठीं केलेलें. त्यांत जाड सुती कागद जाईना, म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनीं एवढ्या मोलाच्या यंत्राचा कांहीं भाग चक्क करवतीनें कापला! १९९१ सालीं मॅक होल्बर्ट यांच्यासह त्यानें कॅलिफोर्नियांत ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईची कार्यशाळा उघडली. त्याचें तें पहिलें यंत्र २००५ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. चित्रें सुंदर निघत. पण आरंभींची शाई टिकाऊ नव्हती. १८५५ च्या समितीपुढचाच प्रश्न नवें रूप घेऊन पुन्हां उभा राहिला.

घरगुती यंत्रांची अडचण याहून मोठी होती. त्यांत शाया चार: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. काळी शाई ही केवळ पत्रांतील अक्षरांपुरती, असा बनविणारांचा हिशेब. तेव्हां करडी छटा आणावयाची कशी? निवळ काळ्या शाईनें छापावें तर उजळ भागांत ठिपके विरळ पडून गालावर तीळ फुटल्यासारखे दिसत. तिन्ही रंग मिसळून करडा करावा तर त्यांतला एखादा रंग गुंजभर वर झाला कीं चित्र हिरवट किंवा गुलाबी होई. आणि तोल कसाबसा साधला तरी तो एकाच दिव्यापुरता. रात्रीं दिव्याखालीं राखी दिसणारें चित्र सकाळीं खिडकीशीं नेलें कीं हिरवें! शिवाय या शाईंतील बहुतेक रंग विरघळणारे, म्हणून लवकर विटणारे.

या कोंडींतून वाट काढली ती बनविणारांनीं नव्हे, वापरणारांनीं. त्यांनीं एक साधा विचार केला. करडें चित्र काढावयाचें आहे ना? मग यंत्रांतून रंग काढूनच टाकावेत, आणि त्यांच्या जागीं एकाच काळ्या शाईच्या कमीअधिक पातळ छटा भराव्यात. उजळ गालासाठीं पातळ शाईचे दाट ठिपके, केसांसाठीं गडद शाई. ठिपका डोळ्यांस दिसण्याचें कारणच उरत नाहीं. अमेरिकेंतील व्हर्मांट प्रांतांत जॉन कोन या मुद्रकानें २००० सालीं ‘पिएझोग्राफी’ या नांवानें अशा शाया आणि त्यांना लागणारी संगणकाची आज्ञावली विक्रीस आणली. या शायांचा आधार कार्बन. म्हणजे स्वानचें काजळ, पोथीचें काजळ, पुन्हां कागदावर आलें. पुढें रॉय हॅरिंग्टन यानें ‘क्वाडटोनरिप’ ही अल्पमोली आज्ञावली तयार केली, आणि कोणती शाई किती सोडावी हें ठरविण्याचा अधिकार सामान्य गृहस्थाच्या हातीं आला. २००५ सालीं एप्सन कंपनीनेंहि एका यंत्रांत काळी, फिकी काळी आणि अतिफिकी काळी अशा तीन छटा दिल्या आणि काळ्यापांढऱ्या छपाईची निराळी सोय केली. वापरणारांनीं घातलेल्या पायवाटेचा असा राजरस्ता झाला.

आतां यंत्र जुळवितात कसें तें थोडक्यांत सांगतों. तंबोरा कितीहि चांगला असला तरी बैठकीपूर्वीं तो लावावा लागतो. तसेंच हें आहे. प्रथम पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापतात. प्रत्येक पायरी मागचीहून शेंकडा ५ नें गडद. ती पुरती वाळूं देतात, कारण ओली शाई खोटी साक्ष देते. मग मापकयंत्रानें, किंवा तें नसेल तर चांगल्या उजेडांत डोळ्यानें, पायऱ्या तपासतात. शाई कागदांत पसरते, म्हणून शेवटच्या तीन-चार पायऱ्या बहुधा एकच काळ्या होऊन जातात. म्हणजे काळ्या कोटाच्या घड्या दिसेनाशा होतात. अशा वेळीं शाईची कमाल मर्यादा कमी करावयाची, आणि प्रत्येक पायरी शेजारणीहून सारख्या अंतरावर येईपर्यंत मधलें प्रमाण सुधारावयाचें. हें प्रत्येक जातीच्या कागदासाठीं निराळें करावें लागतें. बिनचकाकीच्या सुती कागदावर गडदांतला गडद काळा भाग शंभर भाग उजेडांतील सुमारें अडीच भाग परत फेकतो. चकाकीच्या चांगल्या कागदावर अर्ध्या भागाच्या आसपासच. म्हणून चकाकीचा काळा अधिक खोल दिसतो.

येथें एक निवड प्रत्येकास करावी लागते. कार्बन पातळ केला कीं त्याची छटा किंचित् तपकिरी येते. ती नको, शुद्ध राखी हवी, तर थोडा निळा रंग मिसळावा लागतो. आणि तो निळा कार्बनाइतका चिवट नसतो. आज डोळ्यास नेमकी दिसणारी छटा हवी, कीं पणतूच्या काळींहि न बदलणारी? मी तपकिरीच्या बाजूचा आहें. आपण स्वतःच्या आनंदासाठीं चित्र काढीत असूं तर राखी शोभेल. पण घरांतील एकुलता एक फोटो पुढच्या पिढीच्या हातीं द्यावयाचा असेल, तर आपल्या आवडीला थोडी मुरड घालणें हेंच शहाणपण.

कारण आज संकट विटण्याचें नाहीं, लपण्याचें आहे. पूर्वीं वर्षाकांठीं एखादा फोटो निघे आणि तो भिंतीवर लागे. आतां दिवसाकांठीं वीस निघतात आणि मोबाइलच्या पोटांत गडप होतात. मोबाइल बिघडला कीं पुष्कळदां त्याच्याबरोबर जातात. शंभर चित्रें छापा असें मी म्हणत नाहीं. पांच निवडा. सुती, आम्ल नसलेला कागद आणा; पावसाळ्यांत छापावयाचें असेल तर कागद बंद पिशवींतून ऐन वेळींच काढा. यंत्राला आठवड्यांतून एकदां तरी थोडें काम द्या, नाहींतर त्याचीं सूक्ष्म छिद्रें शाई वाळून बुजतात. चित्र छापून झालें, वाळलें, कीं पाठीमागें कडेला मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें त्यांतील माणसांचीं नांवें, गांव आणि साल लिहून ठेवा. पेन्सिलीचें शिसें म्हणतात तें शिसें नव्हे, तोहि कार्बनच. पुढचा चेहरा टिकेल तितकीं तीं नांवेंहि टिकतील.