वऱ्हाडांतील चलनी नाणीं व त्यांचा संग्रह

जुनें नाणें संशोधकाच्या हातीं दोन मार्गांनीं येतें: एक भूमिगत ठेव्यांतून व दुसरा बाजारांतील चलनांतून. ठेवा सांपडला म्हणजे गांवांत बोभाटा होतो, कलेक्टराकडे वर्दी जाते आणि बहुधा एखादा विद्वान् त्यावर लेखहि लिहितो. परंतु सराफाच्या थैलींतून, देवळाच्या पेटींतून अगर घरच्या देव्हाऱ्यांतून निघालेल्या सुट्या नाण्याची दखल फारसें कोणी घेत नाहीं. वास्तविक दोहोंची साक्ष भिन्न प्रकारची असून इतिहासास दोन्ही आवश्यक आहेत. वऱ्हाडापुरता या दुसऱ्या प्रकाराचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम ठेव्याचें उदाहरण घेऊं. इ. स. १९३९ त तेव्हांच्या अकोला व आतांच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळा या गांवीं दीड हजारांवर सातवाहन नाणीं सांपडलीं. एका बाजूस हत्ती व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह असलेलीं हीं पोटीनचीं नाणीं म. म. वा. वि. मिराशी यांनीं अभ्यासून प्रसिद्ध केलीं; त्यामुळें कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि यांसारखीं पुराणांच्या याद्यांत न आढळणारीं राजनामें उजेडांत आलीं. ठेव्याचें सामर्थ्य तें हें. तथापि तीं नाणीं पुरलीं गेलीं तो काळच ठेवा सांगतो. एखादें नाणें राजा गेल्यावर किती पिढ्या चाललें व कोणत्या हातांनीं झिजलें, हें सांगण्यास चलनी नाणेंच पाहिजे.

या दिशेनें महाराष्ट्रांत झालेला नमुनेदार उद्योग रेव्हरंड जस्टिन ॲबट यांचा होय. पुढें 'श्री राजा शिव' व मागें 'छत्रपति' अशीं अक्षरें असलेली तांब्याची शिवराई शिवछत्रपतींच्या अमदानींत निघाली, पेशवाईंत पाडली जात होती आणि इंग्रजी राज्य स्थिरावल्यावरहि बाजारांत दिसत होती. ॲबट यांनीं अशा सुमारें २५,००० शिवराया तपासून इ. स. १९०० च्या सुमारास आपलें टिपण प्रसिद्ध केलें. शिव, शीव, सिव, सीव अशीं एका नांवाचीं नाना रूपें, मध्यें दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई, असे अनेक भेद अशा विपुल सामग्रीमुळेंच निश्चित करतां येतात. केवळ दुर्मिळ नाण्याच्या मागें लागलेल्यानें एक शिवराई ठेवून बाकीच्या टाकून दिल्या असत्या!

वऱ्हाडास तर अशा विपुल संग्रहाची गरज विशेष आहे. इमादशाही १५७४ त बुडाली व मुलूख अहमदनगरच्या निजामशाहींत गेला. १५९६ त तो मोगलांकडे आला. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम व पुढें नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल बसला. अडगांवची लढाई व गाविलगडचा पाडाव झाल्यावर डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा हक्क सुटला आणि १८५३ त निजामानें प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं दिला. धनी बदलला म्हणून जुनें नाणें एका दिवसांत नाहींसें होत नसे. सराफ बट्टा कापून तें घेई, व तें पुन्हां बाजारांत येई.

येथील एलिचपूर म्हणजे अचलपूर ही मोगलांची टांकसाळ होती. तिच्या तांब्याच्या पैशांवर ठसा मोठा व चकती लहान, म्हणून टांकसाळीचें नांव किंवा हिजरी साल पुष्कळदां कांठाबाहेर जातें. एका पैशावर आरंभींचीं अक्षरें असतात, तर दुसऱ्यावर शेवटचीं. असे दहावीस पैसे शेजारीं मांडावे तेव्हां कोठें लेख पुरा लागतो. झिजलेला, फुटक्या अक्षरांचा पैसा टाकाऊ मानूं नये तो यासाठीं.

नाण्यावरील नांव व साल यांवर आंधळा विश्वासहि ठेवूं नये. निजामाच्या नाण्यांवर १८५७ च्या उठावापर्यंत दिल्लीच्या बादशहाचें नांव चालू होतें. कंपनीनें १८३५ त बादशहाचें नांव काढून एकछाप रुपया सुरू केला; पण १८३५ हें साल घातलेले रुपये १८४० पर्यंत, १८४० चे १८६२ पर्यंत, आणि १८६२ चे १८७४ पर्यंत पाडले गेले. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचा भाव चढला, अमरावती व खामगांवच्या बाजारांत चांदीचा ओघ लागला. म्हणून १८६२ चा रुपया येथल्या जुन्या घरांत निघाला तर तो त्या सालींच पाडला असें धरणें युक्त नव्हे. मुंबईच्या टांकसाळीनें या रुपयांवर बारीक ठिपके घातले असून त्यांवरून खरें साल ओळखतां येतें, असें नाणकशास्त्रज्ञ मानतात. ते ठिपके भिंगाखालीं पाहून मोजल्यास कापसाच्या तेजीचा पैसा कोणत्या वर्षांचा, हें ठरविण्यास साधन मिळेल.

हें साधन मात्र झपाट्यानें नष्ट होत आहे. चांदीचा रुपया मुशींत जातो, तांब्याचा पैसा मोडींत. आणि जो वांचतो तो व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरतां फिरतां आपलें मूळ गांव विसरतो. ठिकाण हरवलेलें नाणें शोभेस राहतें, पुराव्यास राहत नाहीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, नाणें मिळतांच गांव, तारीख, कोणत्या प्रकारच्या ठिकाणीं मिळालें, वजन व व्यास यांची नोंद करावी. चिंच, राख वा तेजाब लावून तें घासूं नये. सोबत मिळालेलीं सामान्य नाणींहि वेगळीं न करतां एकत्र टिपावीं. जमिनींत ठेवा सांपडल्यास तो दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असतां १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे, हेंहि ध्यानांत असावें.

हा उद्योग केवळ गतकाळाचा नव्हे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून गेलीं. आजच्या नाण्यांवर सालाखालीं मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा व नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याचें चिन्ह नसतें. अकोल्याच्या वा अमरावतीच्या बाजारांत कोणत्या टांकसाळीचें नाणें किती येतें, याची वही आज कोणी ठेवील, तर एलिचपुरी पैशाविषयीं जे प्रश्न आम्हांस अडतात ते आमच्या नाण्यांविषयीं पुढील संशोधकांस अडणार नाहींत.