किल्ली आणि क्रमांक

शाळेतलं जनरल रजिस्टर आठवतं ना? मुलाचा एक क्रमांक, आणि त्याच क्रमांकावरून त्याचा दाखला, निकाल सगळं सापडायचं. कपाटाची किल्ली मात्र कारकुनाकडे. नातू सध्या 'जँगो' शिकतोय. त्याच्याकडून ऐकताना वाटलं, वेबसाइटचा इतिहासही किल्ली आणि क्रमांक याच दोन गोष्टींचा आहे.

किल्ली जुनी. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांनी एकच संगणक अनेकांनी वापरायची सोय दाखवली. मग प्रत्येकाला पासवर्ड आला. १९६२ मध्ये अॅलन शेर या संशोधकाने यंत्रावर जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डांची अख्खी यादीच छापून घेतली!

क्रमांकाचं शास्त्र १९७० चं. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते सामाईक क्रमांकांनी जोडावेत.

कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात २००३ साली सुरू झालेला आणि २००५ मध्ये सर्वांना खुला झालेला जँगो या दोन्ही गोष्टी हाताशी देतो. त्यात पानावर काय दाखवायचं ते 'व्ह्यू' ठरवतो. 'लॉगिन केलेल्यांनाच प्रवेश' ही अट त्याला एका ओळीत घालता येते.

पण गंमत पुढेच आहे. आत आलेल्याने पत्त्यातला ४१ खोडून ४२ लिहिला तर? शेजारच्या मुलाचा निकाल उघडेल. म्हणून व्ह्यूने "४२ नंबर दे" असं न म्हणता "या माणसाच्या नोंदींतला ४२ दे" असं म्हणायचं. त्याचा नसेल तर उत्तर, "सापडलं नाही." नोंद आहे, हेसुद्धा कळू द्यायचं नाही.

मूळ नोंद पुसली तर तिला जोडलेल्यांचं काय? पूर्वी काही सांगितलं नाही तर त्याही पुसल्या जात. डिसेंबर २०१७ च्या २.० आवृत्तीपासून ते स्पष्ट लिहिणं सक्तीचं झालं. ऑगस्ट २०२४ च्या ५.१ मध्ये सगळ्याच पानांना एकदम कुलूप लावायची सोय आली.

तरीही वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत पहिला नंबर होता तो प्रवेशावरच्या ढिल्या नियंत्रणाचा. दाराला कुलूप लावायची सोय तयार मिळते हो, पण कुठलं पान कुणाचं, हे लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. ते राहिलं, तर उघडं पडतं ते कुणाचं तरी आजारपण, कुणाची तरी फी थकल्याची नोंद.