घंटा आणि तोफा : लाँगफेलो यांची नाताळकविता व वसईच्या घंटा

हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो (१८०७-१८८२) यांची ‘ख्रिसमस बेल्स’ ही कविता आज बहुतांशी नाताळगीत म्हणूनच परिचित आहे. तिच्या मुळाशी मात्र अमेरिकेचे यादवी युद्ध आहे. १८६१ मध्ये कवीची पत्नी भाजून मृत्यू पावली. नोव्हेंबर १८६३ मध्ये, वडिलांच्या संमतीविना उत्तरेच्या सैन्यात दाखल झालेला मुलगा चार्ल्स व्हर्जिनियात गोळी लागून गंभीर जखमी झाला. कवितेत घंटांतून उमटणारा शांतीचा संदेश दक्षिणेकडील तोफांच्या गर्जनेत बुडतो, कवी हताश होतो आणि त्यानंतरच घंटा अधिक जोराने निनादतात. फेब्रुवारी १८६५ मध्ये बोस्टनच्या ‘अवर यंग फोक्स’ या मुलांच्या मासिकात ती प्रसिद्ध झाली, तेव्हाही युद्ध संपलेले नव्हते. पुढे ती गीत म्हणून गाताना तोफांची कडवी बहुधा गाळली गेली. हे गाळणे सोयीचे असेल, योग्य म्हणता येत नाही. नैराश्याचे कारणच काढून घेतल्यावर आशेची केवळ सणाची शुभेच्छा उरते.

मराठी इतिहासात घंटा आणि तोफ यांचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या पंचवटीत १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटा १७०७ ची असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. नाताळचाच विषय कृष्णाकाठच्या शिवमंदिरापाशी टांगलेला आहे म्हणावयाचे! युरोपात युद्धकाळी चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्याची उदाहरणे आहेत. येथे त्या देवापुढे बांधल्या गेल्या. यात विजयाचा अभिमान होता, तसाच नादाविषयीचा आदरही असावा. ज्यांच्या गावांतून त्या नेल्या गेल्या त्यांच्या दृष्टीने मात्र ती लूटच होती.

वसईचा ख्रिस्ती समाज पुढेही तेथेच नांदला. लाँगफेलो यांच्या कवितेचे ध्रुपद ज्या देवदूतांच्या शांतिघोषावर आधारलेले आहे, तो लूकच्या शुभवर्तमानातील आहे. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी ‘सुबोध बायबल’मधून तो नव्या मराठीत आणला, त्या ग्रंथास २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला.