लक्ष्मीबाईंच्या घरचं पाणी

"श्रद्धा ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे" हे वाक्य आपण सगळेच फेकतो. ऑफिसात जेवताना धर्माचा विषय निघाला आणि टेबलावरचं वातावरण जरा तापायला लागलं, की कोणीतरी हे वाक्य टाकतं आणि मग गाडी मुकाट्याने क्रिकेटवर येते. वाक्य सोयीचं आहे, मीही वापरतो. पण ते कितपत खरं आहे अशी शंका मला 'स्मृतिचित्रे' वाचल्यापासून येते. कारण लक्ष्मीबाई टिळकांची श्रद्धा मनाच्या कुठल्या बंद कप्प्यात नव्हती. ती चुलीपाशी होती, पाण्याच्या तांब्यात होती आणि कोण कोणाच्या पंक्तीला बसतं यात होती. म्हणून म्हटलं, या शनिवारी त्यांच्याविषयीच लिहू.

आधी एक खुलासा. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक, कवी आणि पुढे रेव्हरंड. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८८० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वाचायला-लिहायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून, तेही अडखळत.

या बाईंचं माहेर कसं होतं, तर वडिलांना सोवळ्याचं विलक्षण वेड. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! (मीठ धुतल्यावर हाती किती उरत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.) लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या मजेत सांगतात की आपण हसत सुटतो. हसून झाल्यावर लक्षात येतं की ज्या घरात मिठालाही विटाळ होतो, त्या घरातल्या मुलीच्या अंगात विटाळाची भीती किती खोल मुरली असेल. आपल्या भाषेत सांगायचं तर ही सेटिंग नव्हती, ही ऑपरेटिंग सिस्टीमच होती.

आणि अशा मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला.

त्याची गोष्ट थोडक्यात अशी. टिळक राजनांदगावला नोकरीसाठी चालले होते. आगगाडीत एका परदेशी गृहस्थाशी गप्पा झाल्या. उतरताना त्याने बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळक मुळातच धर्माच्या शोधात असलेले गृहस्थ. ते वाचत गेले, झगडत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी बायको, लहान मुलगा दत्तू, आणि त्यांना यातलं काही धड सांगितलेलं नाही.

आज आपण "धर्म बदलला" असं दोन शब्दांत म्हणून टाकतो. १८९५ साली त्याचा अर्थ काय होता ते बघा. ख्रिस्ती झालेला नवरा जातीबाहेर गेला, म्हणजे व्यवहारात घराबाहेर गेला. त्याच्यासोबत राहायचं तर बायकोही माहेर, सासर, नातीगोती, सण, पंगत या सगळ्याला मुकणार. नाही राहायचं, तर ती नवरा जिवंत असून नवऱ्यावाचून. इंग्रज सरकारने १८६६ साली एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर धर्म बदललेल्या माणसाला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. दुःखाने आजारी पडल्या, हाय खाल्ली, आणि मग हळूहळू मनाशी ठरवलं की आपला धर्म सांभाळून नवऱ्याजवळ राहायचं.

मला स्वतःला 'स्मृतिचित्रे'चा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो इथून पुढचा. अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) नवरा-बायको पुन्हा एकत्र आले खरे, पण नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. तिचं पाणी वेगळं, तिचा स्वयंपाक वेगळा. प्रेम आहे, पण तांब्याला हात लावायचा नाही! आणि या संसारात धर्माची चर्चा म्हणजे देव आहे की नाही, मूर्तिपूजा बरोबर की चूक असली चर्चा नव्हे. आज पाणी कोणी भरलं, ही चर्चा.

शेवटी त्यांचं मन वळलं ते कोणाच्या प्रवचनाने नाही. एके दिवशी त्या एकट्याच विचार करत बसल्या. मनात आलेला प्रश्न साधारण असा होता: जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांत तसा काही फरक डोळ्यांना दिसायला हवा होता. तो तर दिसत नाही. म्हणजे हे आपलंच काम. झालं, उत्तर मिळालं. मग त्यांनी ठरवून टाकलं की आजपासून कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं, कोणाच्याही हातचं जेवायचं. आणि ते करून दाखवलं.

आता क्रम नीट पाहा. आधी विटाळ गेला, ख्रिस्त नंतर आला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा राहुरीला १९०० साली झाला, पाण्याचा निर्णय त्याच्या आधीचा. तर्कशास्त्राच्या पुस्तकात श्रद्धा आधी येते आणि आचरण मागून. इथे उलटं झालं. त्यांनी आधी हात पुढे केला आणि मग त्या हाताला साजेसा देव शोधला.

याला महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहासही जोडून बघायला हवा, नाहीतर त्या घोटाची किंमत कळत नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, नगरला १८३१ मध्ये. १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघू लागलं. नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले ते बहुसंख्येने महार आणि मांग समाजातले. म्हणजे राहुरीच्या चर्चमध्ये बसणं याचा अर्थ, मीठ धुणाऱ्या गोखल्यांच्या मुलीने त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसणं, ज्यांची सावलीही तिच्या माहेरी चालली नसती. ख्रिस्तावर विश्वास ठेवणं त्यापुढे सोपं म्हणायचं!

आणि त्या नुसत्या बसल्या नाहीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली मुलं टिळक घरी आणत गेले. आणणं सोपं. त्यांना खाऊ घालणं, न्हाऊ घालणं, त्यांच्या उवा-खरूज बघणं हे लक्ष्मीबाईंकडे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर कोणी गरजू दिसला की खिसा मोकळा. लक्ष्मीबाई चिडत, भांडत, टोमणे मारत आणि पुन्हा चूल पेटवत. प्लेगच्या दिवसांत लोक स्वतःच्या नातेवाइकांना टाकून पळत होते तेव्हा या बाईंनी रोग्यांची सेवा केली. कवी बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, यांच्या घरी पोटच्या मुलासारखे राहिले. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या मायेत त्याने तसूभरही फरक पडला नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण अपरिहार्य आहे. त्या संस्कृतच्या प्रकांड पंडित. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे मुद्देसूद वाद चालूच राहिले. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत हवीत, असा त्यांचा आग्रह होता. आणि शाकाहार त्यांनी विलायतेतही सोडला नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, आणि १९२२ मध्ये देह ठेवला. दोघींची जातकुळी किती वेगळी! एकीकडे चार भाषांतले ग्रंथ, दुसरीकडे जोडाक्षरांची मारामार. तरी दोघींच्या श्रद्धेचा कस लागला तो एकाच ठिकाणी, ताटात काय आहे आणि पंक्तीला कोण आहे इथे. केडगावला दुष्काळातल्या पोरक्या मुली आल्या, राहुरीला पोरकी मुलं आली.

मध्यंतरी आमच्या टीममध्ये नगरकडची एक मुलगी होती. मराठी इतकं झकास बोलायची की आम्ही पुणेकर गप्प बसायचो. नाताळात तिने सुट्टी टाकली तेव्हा एकाने सहज विचारलं, "अगं, म्हणजे तू मराठी की ख्रिश्चन?" ती हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे देवाशी मराठीतच बोलतात." विषय संपला. पण त्या प्रश्नातलं 'की' मला फार दिवस टोचत राहिलं. कारण इतिहासात या 'की'ला काही आधारच सापडत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. ओव्यांची संख्या दहा हजारांच्या वर! तुकाराम महाराज तेव्हा अजून लहान होते. म्हणजे मराठी ओवी येशूची कथा सांगू लागली त्याला चारशे वर्षं उलटून गेली.

नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं मानत. त्यांनी ख्रिस्ती भजनं लिहिली, अभंग लिहिले, कीर्तनं केली. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत गेले.

आणि मग लक्ष्मीबाईंच्या भक्तीचा शेवटचा, मला विलक्षण वाटणारा अध्याय सुरू झाला. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलं होतं. अकरावा अध्याय अर्धवट राहिला आणि ते गेले. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे न्यायचं मनावर घेतलं आणि चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला. लहानपणी कानावर पडलेल्या ओव्या आणि आरत्या यांचीच तर पुंजी होती त्यांच्याकडे. ती त्यांनी फेकून दिली नाही. पाणी बदललं, घागर तीच ठेवली.

'स्मृतिचित्रे'ही अशीच जन्माला आली. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. आई लिहायला बसली आणि चरित्राच्या साहित्याऐवजी मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र तयार झालं. पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. पुस्तकात कुठेही "माझी श्रद्धा अशी आहे" असा उपदेश नाही. आहेत त्या फजित्या, भांडणं, उसनवाऱ्या, मेलेली माणसं, वाढवलेली मुलं. श्रद्धा वेगळी काढून दाखवावी असं त्यांना वाटलंच नाही. भाजीत मीठ वेगळं दाखवता येत नाही, तसं काहीसं.

आता "वैयक्तिक बाब" या वाक्याकडे येतो. लक्ष्मीबाईंनी सोवळं मनातल्या मनात सोडलं असतं आणि पाणी वेगळंच ठेवलं असतं, तर ते सोडणं कोणाच्या उपयोगाचं होतं? आपल्यापैकी बहुतेकांनी जात 'मानणं' कधीच सोडलं आहे, निदान तसं आपण सांगतो. तरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप आपल्या किती घरांत कोपऱ्यात वेगळा असतो? फ्लॅट भाड्याने देताना आडनाव विचारताना आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं? आणि हा प्रश्न आस्तिकांइतकाच माझ्यासारख्या अर्धवट नास्तिकांनाही लागू आहे. नास्तिकाच्या घरातही कप असतातच.

असो. उपदेश पुरे. 'स्मृतिचित्रे' घरी नसेल तर आणा. मराठी वाचायला जड जात असेल तर शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ पासून मिळतो. पहिली पन्नास पानं निव्वळ हसण्यासाठी वाचा. पुढची लक्ष्मीबाई आपण होऊन वाचायला लावतील. आणि सोमवारी मावशी कामाला आल्या, की चहा नेहमीच्या कपातून द्या. आपल्या नेहमीच्या.