पाठीच्या कण्याला पाच प्रश्न

मणके आणि फासळ्या जुळून एकसंध झालेल्या सांगाड्याचे वर्णन आयरिश वैद्य बर्नार्ड कॉनर यांनी १६९०च्या दशकात केले. तोच हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. १९७३ मध्ये त्याचे एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेले नाते उमगले. पण खेड्यातल्या दवाखान्यात ती तपासणी कुठून आणायची? तिथे अँड्रेई कॅलिन यांचे १९७७ सालचे पाच प्रश्न कामी येतात. कंबरदुखी चाळिशीआधी लागली? नकळत सुरू झाली? तीन महिने टिकली? सकाळी पाठ आखडते? व्यायामाने सुटते? चारांना होकार आला, तर हा आजार मनात धरावा. ‘पडून राहा’ असे सांगू नये. रोजचा व्यायाम आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंडोमेथॅसिनसारख्या स्वस्त गोळ्या, एवढ्यावरही पुष्कळांना आराम पडतो. जैविक औषधे महाग आहेत. प्रश्नांना पैसे पडत नाहीत. तरुण पाठ कायमची वाकण्याआधी ते विचारले जावेत.