वाऱ्याला वाट

श्रोते हो, मोटारसायकलीवरून लांबचा प्रवास केलेल्या कोणाहि गृहस्थास विचारा. पाठीपेक्षां मानच अधिक दुखली, असें तो सांगेल. वारा नुसता अंगावर येत नाहीं. तो शिरस्त्राण धरून डोकें गदगदां हालवितो. दृष्टि स्थिर राहात नाहीं आणि स्वार थकतो. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा रेटा चौपट होतो, हा निसर्गाचा हिशेब आहे. या वाऱ्याशीं मनुष्यानें कसा व्यवहार केला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभीं सर्वांचें लक्ष केवळ वेगाकडे होतें. १९३७ च्या नोव्हेंबरांत अर्न्स्ट हेन्ने या जर्मन स्वारानें बीएमडब्ल्यू गाडीला पत्र्याचें कवच चढवून ताशीं सुमारें २७९ किलोमीटरांचा उच्चांक केला. तो १९५१ पर्यंत अबाधित राहिला.

पुढें १९५० सालीं इटलींत, कोमो सरोवराच्या कांठीं मांडेल्लो येथें मोटो गुत्सी कारखान्यानें स्वतःचा वायुबोगदा उभारला. प्रचंड पंख्याच्या वाऱ्यांत पुऱ्या मापाची गाडी ठेवून कवचाचा आकार पारखतां येऊं लागला. या कारखान्यानें १९५३ पासून सलग पांच वर्षें ३५० सी.सी. वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. परंतु पुढचें चाकहि झांकणाऱ्या त्या कवचांवर आडवा वारा आदळला कीं गाडी वाट सोडूं पाही. म्हणून १९५८ पासून शर्यतींत त्यांवर बंदी आली.

स्वाराच्या सुखाचा विचार त्यानंतर बळावला. १९७६ सालीं आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर १०० आरएस या प्रवासी गाडीचें कवच वायुबोगद्यांतच घडविलें होतें. स्वाराचा वाऱ्यापासून बचाव व्हावा आणि भरवेगांत पुढचें चाक हलकें होऊं नये, हे दोन्ही हेतु त्यांत होते.

या साऱ्या खटाटोपांतून एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. उघडा वारा जोरानें ढकलतो, पण सारखा ढकलतो. अर्धवट अडविलेला वारा मात्र थपडा मारतो. समोरच्या कांचेच्या वरच्या कडेवर प्रवाह तुटतो, कांचेमागें हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरण्यास भोंवरे धांवतात. नेमकी शिरस्त्राणाच्या उंचीवर त्यांची गांठ पडली कीं डोकें हालूं लागतें. स्वार जरा वाकला अथवा ताठ बसला आणि धक्के थांबले, तर दोष कांचेच्या उंचीचा समजावा. मग कांच इतकी उंच करावी कीं वारा डोक्यावरून जाईल, किंवा इतकी खालीं घ्यावी कीं डोक्याला स्वच्छ प्रवाह मिळेल. कांचेखालीं थोडी फट ठेविली तर मागची पोकळी आपोआप भरते व भोंवरे मंदावतात.

वारा कोंडण्यानें शर्यतीच्या गाड्या डगमगल्या. त्याला वाट करून दिल्यानें प्रवासी सुखावला. आपल्या गाडीला मोठी कांच लावण्यापूर्वीं एवढी हकीकत आठवावी, इतकें सांगून आजचें भाषण संपवितों.